सीड नावाची ओळ

मंगळवारी सकाळी माझा नवरा दुकानाच्या पायरीवर पडला. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. किल्ली त्याच्या हातात होती. शटर बंद होतं.

दुकान म्हणजे नवीन जालन्यात, स्टेशनकडच्या गल्लीतला आमचा इंटरनेटचा धंदा. मोठ्या कंपनीकडून लाइन घ्यायची आणि आसपासच्या घरांना, ऑफिसांना वाटायची. खांबाखांबावरून वायर त्याने स्वतः ओढलेली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. गिऱ्हाइकाने प्लॅन बदलला की त्याचा वेग कमी-जास्त कसा करायचा, एवढंच त्याने मला शिकवलं होतं.

तेराव्यापर्यंत लोकांनी कळ काढली. मग फोन सुरू झाले.

"मॅडम, नुसतं गोल गोल फिरून राह्यलंय. पोरीचा क्लास हाय."

"दादा होते तव्हा बराबर चालत होतं."

एकाने तर विचारलं, "नेटला बी सुतक लागलंय का?" मला राग आला नाही. मलाही तसंच वाटत होतं.

शेवटी लाइन देणाऱ्या कंपनीचा फोन आला. बोलणारा माणूस सभ्य होता, त्यामुळे जास्त भीती वाटली. "तुमच्याकडून वर जाणारी, म्हणजे अपलोडची, लाइन रात्रंदिवस भरलेली आहे. कोणीतरी टोरेंटवर फायली वाटतंय, नाहीतर व्हायरस आहे. उद्या पाचपर्यंत आवरा. नाहीतर आम्हाला इथून बंद करावं लागेल."

बंद झालं की गिऱ्हाइकं दुसरीकडे जाणार, आणि गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. नवऱ्याने ओढलेल्या वायरी खांबांवर नुसत्या लोंबत राहिल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी दुकान उघडलं. आमचा लाइनमन सोबत होता. तो केदारखेड्याचा, पहिल्या वायरीपासून माझ्या नवऱ्याबरोबर. पडद्यावर यादी होती. प्रत्येक ओळीत गिऱ्हाइकाचं नाव, पुढे त्याला ठरवून दिलेला वेग. एकाच ओळीपुढे काही मर्यादा नव्हती. तिचं नाव 'सीड'. वर जाणारा सगळा ओघ तिथूनच दिसत होता.

जालन्यात सीड म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे बियाण्याची पाकिटं येतात. समोरच्या गल्लीत एका बियाणे कंपनीचं ऑफिस आमचंच गिऱ्हाईक होतं.

"त्याला हात नका लावू, वहिनी," लाइनमन म्हणाला. "सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हाय. हे तुटलं तर मंग काय ऱ्हायलं?"

म्हणून आम्ही बाकीच्यांचा वेग कमी करत गेलो. नवऱ्याच्या खुर्चीत बसून मी एकेका घराचा गळा आवळत होते. यादीखालचा, वर जाणाऱ्या ओघाचा आलेख हलला नाही. इतरांनी सोडलेली जागा ती ओळ लगेच भरून काढत होती. फोन मात्र वाढले.

दुपारी मी धीर करून बियाणे कंपनीत फोन लावला. तुमच्याकडून काही मोठं पाठवणं चालू असेल तर आजच्या दिवस थांबवाल का, असं विचारलं.

तिकडचे कारकून उसळले. "काय थट्टा लावली का, मॅडम? सकाळपासून एक मेल जाऊन न्हाई राह्यला आमचा!"

मी फोन ठेवला. कंपनीची ओळ यादीत मालकाच्या नावाने सापडली; तीही आम्ही आवळली होती. लाइनमनने पडद्यावर बोट ठेवलं. "मंग हे सीड कोणाचं?"

तो टेबलाखाली वाकला आणि त्या ओळीची वायर हाताने चाचपत निघाला. वायर बाहेर रस्त्याकडे गेलीच नव्हती. ती भिंतीतून मागच्या खोलीत गेली होती, माझ्या पुस्तकांच्या खोक्यांमागे. तिथे नवऱ्याचा जुना संगणक होता. पंखा फिरत होता. वर हात ठेवला तर गरम.

पडद्यावर फायली होत्या. नावं वाचली आणि मी खोक्यावरच बसले. ते माझं वाचन होतं. दोन-तीन उन्हाळे मी अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं मोठ्याने वाचली होती. तो खिडकीला गोधडी लावून ते रेकॉर्ड करायचा. पेनड्राइव्हवर घालून शाळेत देत असेल, असं मी समजत होते. त्याने ते टोरेंटवर ठेवलं होतं. तिथे ज्याच्याकडे फाइलचा जो तुकडा असेल, तो इतरांना देतो. ज्याच्याकडे पूर्ण फाइल असते आणि जो ती वाटत राहतो, त्याला म्हणतात सीड.

परीक्षा जवळ आली होती. घेणाऱ्यांची रांग लांब होती. पूर्ण प्रत एकच, आमची.

चहाच्या आधी "दुकान झाडून येतो" म्हणून तो रोज कशाला जायचा, ते तेव्हा कळलं. रात्री गिऱ्हाइकं झोपली की वेग मोकळा सोडायचा आणि सकाळी येऊन आवळायचा. त्या मंगळवारी तो त्यासाठीच निघाला होता. ओळ तेव्हापासून मोकळीच होती.

"पिन काढू का, वहिनी? चार वाजून गेले."

"थांबा."

मी एक फाइल लावली.

"आता ऐकत बसता का?" लाइनमनचा आवाज चढला.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग नवऱ्याचा. "हं, वाच." मग मी वाचू लागले. लाइनमन बाहेरच्या खोलीत गेला.

पिन काढली असती तर काम लगेच झालं असतं. पण रांगेतल्या कुणाचं पुस्तक अर्ध्यावर होतं, कुणाचं शेवटच्या धड्यापाशी. बाहेर येऊन मी 'सीड'च्या ओळीपुढे आमच्या सगळ्यात लहान प्लॅनचा वेग लिहिला. इतरांचे वेग पूर्ववत केले. आलेख लगेच उतरला नाही. आम्ही दोघं उभे राहून त्याच्याकडे बघत होतो. मग तो उतरू लागला.

पाच वाजून गेल्यावर फोन वाजला. लाइनमनने तो उचलायला हात पुढे केला, पण मीच उचलला.

"मॅडम, आता बराबर हाय. पोरीचा क्लास चालू झाला."

आता पूर्ण प्रती आणखी काही जणांकडे आहेत. ते कोण, मला माहीत नाही. दुकानाची किल्ली माझ्याकडे असते. रात्री मी सीडचा वेग सोडते आणि सकाळी चहाच्या आधी जाऊन तो कमी करते.