तलावांचा अध्याय रोज कोण चोरतो?

खून, दरोडे, फसवणूक, सगळं हाताळून झालं. त्यातली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळतात. पण चोरीला गेलेली वस्तू कुणालाच हातात धरून दाखवता आली नाही, अशी एकच घटना माझ्या नोकरीत झाली. ती आजही आठवते, आणि आठवली की मी एकटीच हसत बसते.

रायपूर राजधानी होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या ठाण्यातली माणसं जुन्या गावाला पुरतील तेवढीच होती. त्यातली निम्मी रोज मंत्र्यांच्या बंदोबस्ताला. उरलेल्यांवर मी ठाणं चालवत असे. सकाळी हजेरी, मग राहिलेल्या कामांची यादी फळ्यावर, आणि ज्याचं काम झालं त्याने स्वतः उठून ते पुसायचं, ही माझी शिस्त. एका सकाळी, फळ्यावर बोटभर जागा उरलेली नसताना, एका महाविद्यालयाचे विभागप्रमुख अर्ज घेऊन आले. काळा चष्मा, कडक इस्त्री, त्याहून कडक मराठी. पुरानी बस्तीतलं, मराठ्यांच्या अमलापासून इथे राहिलेलं घराणं. त्यांना मी इथे सरच म्हणते.

"चोरी झाली आहे," सर म्हणाले.

"काय गेलं?"

"अध्याय."

आमच्या हवालदाराने चोरीच्या अर्जाला विचारायचे प्रश्न सवयीने विचारून टाकले. "रंग? कंपनी? अंदाजे किंमत?"

"रंग?" सर उखडले. "अहो, अक्षरांचा रंग काळाच असतो!"

हवालदाराने निमूटपणे 'काळा' असं लिहिलं.

प्रकरण असं होतं. शहरातल्या जुन्या तलावांवर सरकारला द्यायचा एक संशोधन अहवाल सर आणि त्यांचे दोन सहकारी मिळून लिहीत होते. इंटरनेटवरच्या एका सॉफ्टवेअरमध्ये. तिघांनी तीन ठिकाणी बसून एकाच मजकुरावर काम करायचं, आणि एकाने केलेला बदल बाकीच्यांना लगेच दिसायचा. त्यातला मुख्य अध्याय रोज नाहीसा होत होता.

"मी सकाळी मोठ्या कष्टाने तो परत आणतो," सर म्हणाले. "दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा गायब."

"परत कसा आणता?"

"त्याला युक्ती लागते. तुमच्या लक्षात यायची नाही."

मी पुढे गेले. "संशय कुणावर?"

संशय त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या मुलीवर होता. कारणं दोन. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलापुढे तिचंच नाव येत होतं, आणि तिने मजकुराचं फॉरमॅटिंग केलं त्या दिवसापासूनच अध्याय जायला लागला होता. महाविद्यालयाची समिती त्याच आठवड्यात बसणार होती. सरांनी तिला प्रकल्पातून काढण्याची शिफारस करून ठेवली होती. सोबत पोलिसांचा अहवाल जोडला की काम पक्कं. प्रकल्प गेला की मार्गदर्शक गेला, आणि मार्गदर्शक गेला की पोरीची पीएच.डी. गेली.

गुन्हा नोंदवण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी अर्ज चौकशीसाठी ठेवून घेतला.

दुपारी मुलगी वडिलांना घेऊन आली. तात्यापाऱ्यात घर, वडील रेल्वेत. मी काही विचारायच्या आधी वडीलच सुरू झाले. "मॅडम, पोट्टीनं केलं असन तर दोन झापडा मीच लावतो. पण तिचं शिक्षण नका बुडवू."

"बाबा, तुम्ही चूप बसा ना," मुलगी म्हणाली. "मॅडम, तो अध्याय मीच लिहिला. उन्हातान्हात तलाव-तलाव फिरली. माझंच लिहिलेलं मी काहून मिटवू?"

"मग नाव तुझं कसं येतं?"

"अकाउंट माझ्या नावानं उघडलं होतं. पण तिघंही त्याच्यातूनच काम करून राहिलो. सर म्हणाले, एका घरात तीन चुली कशाला? पासवर्ड तर विभागातल्या फळ्यावर लिहून आहे."

मी मनात नोंद केली. घराची किल्ली चौकटीच्या खिळ्याला टांगलेली असेल, तर दारावर कुणाची पाटी आहे यावरून चोर ठरत नाही.

"आणि ते फॉरमॅटिंग?"

"तेही सरांनीच सांगितलं. आधी तिघांचे तीन रंग होते. सरांचं लाल, भैयाचं हिरवं, माझं निळं. सर म्हणाले, हा सरकारी अहवाल आहे, होळी नाही. सगळं एका मापाचं अन् काळं कर. मी मुख्य अध्यायापासून सुरुवात केली."

तिचा भैया म्हणजे संघातला तिसरा माणूस, सहायक प्राध्यापक. भनपुरीहून रोज बसने येणारा. त्याला संध्याकाळी बोलावलं. खुर्चीवर टेकायच्या आधीच तो म्हणाला, "मॅडम, मी तर परेशान झालो. सकाळी कॉलेजात येतो, पाहतो त अध्याय साफ! पानंच्या पानं कोरी. मग मी कालची प्रत परत आणतो. सॉफ्टवेअर जुन्या प्रती सांभाळून ठेवते ना, एक बटन दाबलं का आला. अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा गायब."

"सरांना सांगितलं?"

"सरांना? मले काय वेड लागलं? ते म्हणतीन, तुमच्या देखत गेलाच कसा?"

मी हवालदाराकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. एकाच म्हशीवर दोघांनी हक्क सांगितल्याची प्रकरणं ठाण्यात नेहमी येतात. पण दोघंही रोज तीच म्हैस शोधून आणून गोठ्यात बांधतात आणि दोघांचीही रोज चोरीला जाते, असं प्रकरण मी पहिल्यांदाच पाहत होते.

खबर मिळाली ती महाविद्यालयाच्या चौकीदाराकडून. त्याच्यासोबत चहा घेताना मी सहज विचारलं, सकाळी लवकर कोण येतं? तो म्हणाला, "कोनो नइ आवय मैडम. मोर ले पहिली कोनो नइ." त्याच्याआधी कुणीच येत नाही, कुलूप तोच काढतो. आणि त्या सहायक प्राध्यापकाला तर कुलूप निघताच आत गेल्यावर अध्याय गेलेला दिसत होता. म्हणजे चोरी महाविद्यालयाच्या बाहेरून होत होती, आणि सॉफ्टवेअरमधल्या नोंदीत दिवसाचा पहिला बदल रोज सकाळी, कुलूप निघायच्या जरा आधीचाच होता. मुलीच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. सहायक प्राध्यापक त्या वेळी बसमध्ये उभा असायचा. उरले फिर्यादी.

फिर्यादीवर संशय घेणं हे आमच्या कामातलं पहिलं पाऊल. पण स्वतःच चोरून स्वतःच इस्त्रीच्या कपड्यांत ठाण्यात कोण येईल? मी ठरवलं, जागेवर जाऊन बघायचं.

दुसऱ्या दिवशी मी हवालदाराला महाविद्यालयात बसवलं. सोबत ती मुलगी आणि सहायक प्राध्यापक, समोर कॉम्प्युटर. मी पुरानी बस्तीत सरांच्या घरी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सर घरूनच काम करत होते. सरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, पोहे दिले. सरांनी कॉम्प्युटर चालू केला. मी फोन कानाला लावून ठेवला होता.

"बघा," सर म्हणाले, "आत्ताही अध्याय नाही."

फोनवर मुलगी म्हणाली, "मॅडम, इथं तर आहे. पूर्ण दिसून राहिला."

"आता माझी युक्ती बघा," सर म्हणाले. बोटं चालली, माऊस फिरला. "आला!"

"गेला!" फोनवर मुलगी ओरडली.

मागून हवालदाराचा आवाज आला, "मैडम, अभी मेरी आँखों के सामने गया! हमने तो हाथ भी नहीं लगाया!"

सहायक प्राध्यापकाने सवयीप्रमाणे जुनी प्रत परत आणायचं बटण दाबलं.

"आला," फोनवर.

"गेला!" माझ्या शेजारी सर. "पाहिलंत? तुमच्या डोळ्यांदेखत! आता तरी अटक करा."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. फोनकडे नाही, पडद्याकडे पाहिलं. ठाण्यातल्या कॉम्प्युटरचा पडदा पांढरा असतो. सरांचा पूर्ण काळा होता, फक्त कडेची बटणं पांढरी.

"सर, हा असा काळा का?"

"ऑपरेशननंतर उजेड सहन होत नाही. मुलगा येऊन करून गेला."

"आणि तुमची युक्ती म्हणजे नेमकं काय करता?"

सरांनी थोड्या अभिमानानेच सांगितलं. "रिकामी जागा निवडायची आणि अक्षरांना पांढरा रंग द्यायचा. लगेच उमटतात."

एवढंच होतं. सरांच्याच हुकमावरून मुलीने अक्षरं काळी केली होती. सरांच्या काळ्या पडद्यावर काळी अक्षरं दिसेनात. सर ती पांढरी करायचे. महाविद्यालयातल्या पांढऱ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दिसेनात. सहायक प्राध्यापक जुनी काळी प्रत परत आणायचा. रोज सकाळी हा चोर, दिवसभर तो चोर, आणि नाव मात्र तिसरीचंच.

मी समजावून सांगितल्यावर सर काळा चष्मा काढून पुसत राहिले. शेवटी काकूच म्हणाल्या, "म्हणजे चोर घरातच होता. आणि रोज सकाळी उठून चहाही मागत होता."

"मी त्या मुलीबद्दल लिहून दिलंय," सर हळूच म्हणाले. "समितीला."

"मग आता तेवढ्याच ठळक अक्षरांत उलटं लिहून द्या," मी म्हटलं. "माझा अहवाल सोबत येईलच."

त्यांनी नुसतं लिहून दिलं नाही. समितीपुढे स्वतः उभं राहून घडलेलं सगळं सांगितलं. लोक हसले, तरी सर खाली बसले नाहीत. मुलीची पीएच.डी. वाचली. तिघांची तीन अकाउंटं झाली आणि फळ्यावरचा पासवर्ड सरांनी स्वतः पुसला.

आमच्या फळ्यावरचं ते काम पुसताना हवालदार म्हणाला, "मैडम, मैंने तो पहले ही दिन रंग पूछा था." पुढे कित्येक दिवस, नवा अर्ज आला की तो रंगाचा प्रश्न जरा मोठ्याने विचारत असे.

पुढे मुलगी पेढे घेऊन ठाण्यात आली. प्रबंध पूर्ण झाला होता. सरांशी कसं चाललंय, मी विचारलं. ती हसली. "ते आता कशालाही हात लावायच्या आधी फोन करतात, मॅडम. म्हणतात, बाळ, मला असं दिसतंय. तुला काय दिसतं?"

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी प्रत्येक चौकशी याच प्रश्नाने सुरू केली. 'कुणी केलं?' हा प्रश्न त्याच्या खाली ठेवला. बऱ्याचदा तिथपर्यंत जायची गरजच पडली नाही.