भिवंडीतला शुक्रवार

गेल्या शुक्रवारी मी भिवंडीला जाऊन आले. उल्हासनगरात राहून तीस वर्षं झाली, भिवंडी जेमतेम तासाभरावर... पण त्या गावात पाऊल टाकण्याची माझी ही पहिलीच वेळ.

आफरीन ही माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. कोकणी मुसलमानांच्या लग्नगीतांवर तिचा प्रबंध आहे. तो दाखल करण्याची मुदत सोमवारी संपत होती आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. प्रत्येक पान कागदावर वाचल्याशिवाय मी सही करत नाही. एरवी तीच माझ्या घरी यायची, या खेपेला मीच जायचं ठरवलं.

शेजारच्या कमलाभाभींनी जिन्यातच अडवलं. "भिवंडी? आणि तेपण फ्रायडेला? मॅडम, तिकडे दंगे होतात." मोठ्या दंगलींना कित्येक दशकं लोटली, हे मी त्यांना शांतपणे समजावलं. "हां, तुम्ही शिकलेल्या. पण पोचल्यावर फोन करा हां."

त्यानंतर मी घरात परतले आणि टिकली ठेवावी की काढावी, याचा आरशासमोर पाच मिनिटं विचार केला. ठेवली... पण नेहमीपेक्षा लहान.

कल्याणहून बसने भिवंडीत उतरले, तर कारखान्यांची दारं बंद, माणसं कोपऱ्याकोपऱ्यांवर घोळक्याने उभी. यंत्रमागांच्या खडखडाटासाठी प्रसिद्ध असलेलं गाव, आणि आवाज म्हणून नाही. काहीतरी घडलेलं आहे, असा निष्कर्ष मी तत्काळ काढला.

"इथे काही झालंय का?" रिक्षावाल्याला विचारलं. "होना क्या है, मॅडम... जुम्मा है, लूम बंद. आज सबकी छुट्टी." एवढं बोलून त्याने आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं.

आफरीन पाय उशीवर ठेवून पलंगावर बसली होती. तिच्या अम्मींनी चहा ठेवला आणि मी लाल पेन्सिल काढली. ऋणनिर्देशाचं शेवटचं वाक्य होतं, 'दर शुक्रवारी बाहेर थांबलेल्या अब्बूंची मी ऋणी आहे.' समासात मी लिहिलं : 'बाहेर म्हणजे कुठे? संदिग्ध.' आफरीनने ते वाचलं. "नंतर बघू, मॅडम," एवढंच म्हणाली.

थोड्या वेळाने तिचे अब्बू नमाजहून आले. मला आदाब करून खिडकीशी बसले, खिशातून भिंग काढलं, वर्तमानपत्र डोळ्यांजवळ धरलं... आणि मी त्यांना ओळखलं.

गेल्या वर्षी, भर दुपारी, हेच गृहस्थ आमच्या इमारतीच्या आवारात दिसायचे. हेच भिंग, असंच वर्तमानपत्र, दर शुक्रवारी तीन ते सहा. मी सोसायटीच्या ग्रुपवर संदेश लिहिला होता : 'एक अनोळखी गृहस्थ दर शुक्रवारी विनाकारण आवारात बसतात. वाचनाचा बहाणा दिसतो. वॉचमनने कृपया दखल घ्यावी.' पाठवण्यापूर्वी तो मी समोर बसलेल्या आफरीनला दाखवला होता. "मोजक्या शब्दांत कसं लिहावं, ते पाहा." तिने सावकाश वाचला आणि म्हणाली, "नेमकं आहे, मॅडम."

पुढच्या शुक्रवारपासून ते दिसेनासे झाले. दखल घेतली गेली, याचं मला समाधान वाटलं होतं.

अम्मी चहा देत सांगत होत्या, "पोरीला एकटीला तिकडे कशी पाठवू? काय काय ऐकायला येतं. ह्यांना शुक्रवारीच सुट्टी, म्हणून हे सोबत यायचे. आधी तुमच्याच बिल्डिंगीत बसायचे, मग वॉचमनने उठवलं. मग समोरच्या टपरीवर बसायला लागले."

म्हणजे आफरीन नेहमी शुक्रवार का मागायची, ते हे. आणि काय काय ऐकायला येतं ते गाव कोणतं, तर आमचं...

"अम्मी, मॅडमना वाचू दे," आफरीन म्हणाली. अब्बूंनी भिंग खाली न घेता म्हटलं, "वॉचमनचं काय चुकलं? त्याची ड्यूटी आहे ती." आणि क्षणभराने, "हल्ली पेपरचं अक्षर फार बारीक करतात."

यात टोमणा होता की नव्हता, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. आफरीनने त्यांना संदेशाबद्दल सांगितलं होतं का? 'हे माझे अब्बू' असं ती तेव्हा का म्हणाली नाही? आणि तरीही पुढच्या शुक्रवारी, वेळेवर, वही घेऊन ती कशी आली? क्षमा मागण्यासाठी मी मनात तीन वाक्यं रचली. तिन्ही व्याकरणशुद्ध होती, एकही बोलता आलं नाही.

सगळी पानं वाचून मी सही केली. मग ऋणनिर्देशाचं पान काढून समासातला प्रश्न रबराने खोडू लागले. "राहू द्या, मॅडम," आफरीन म्हणाली. "प्रश्न बरोबर होता. लिहू का, कुठे ते?"

"वाक्य तुझं आहे," मी म्हणाले. हे उत्तर नव्हे, हे तिलाही कळलं आणि मलाही.

परतताना अब्बू मला स्टँडपर्यंत सोडायला आले. मी नको म्हटलं तरी बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.

सोमवारी प्रबंध दाखल झाला. आफरीनने फोटो पाठवला, त्यात ते वाक्य जसंच्या तसं होतं. तिने मला सांभाळून घेतलं, की उत्तर लिहिणं माझ्यावर सोपवलं... मला खरंच कळत नाही.

सोसायटीतले बरेच जण ही पोस्ट वाचतील, म्हणून इथेच लिहिते. बाहेर म्हणजे आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीजवळचा कट्टा, आणि माझ्या संदेशानंतर, रस्त्यापलीकडची चहाची टपरी. आफरीनच्या अब्बूंची मीही ऋणी आहे.