थैलीवरच्या पाच कवड्या

आधीच सांगतो, आमच्या घरी लिंबू-मिरची फक्त जेवणात असते. वडील कचेरीत कारकून होते; अर्जाला पुरावा जोडलाय का, एवढंच बघायची आम्हाला सवय. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच संकोच वाटतोय...

बोरी अरबला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. मागच्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी भरदुपारी, तांड्यावरची सोमलीयाडी आली. याडी म्हणजे आई; तिला सगळेच तसं म्हणतात. तिचा मुलगा प्रकाश दोन वर्षांपूर्वी कामासाठी परराज्यात गेला, तो गेलाच. फोन नाही, निरोप नाही. ज्याचा अंगठा लागणार नाही त्याचं नाव रेशनकार्डावरून कटेल, असं कोणीतरी तिला सांगितलं होतं. पोराचं नाव राहू दे, एवढंच तिचं म्हणणं. मी साइट शोधायला लागलो, ती बाकावर कशिद्याची थैली शिवत बसली.

घाईत भलत्याच लिंकवर क्लिक झालं आणि नेहमीची कटकट सुरू — एका पानावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं... शेवटी 'अभिनंदन, तुम्ही जिंकलात!' आणि खाली विजेत्यांचे फोटो. असली फसवी पानं दिवसातून दहादा येतात. दिसलं की बंद, हात आपोआप जातो. याही वेळी गेला. पण पान बंद होता होता मी पाहिलं: एक हसरा तरुण, खांद्याला निळ्या किनारीची लाल थैली, तिच्यावर एका ओळीत पाच कवड्या.

याडीची नजरही पडद्यावरच होती. "बंद काहून केलं बाबू? माहा प्रकाश होता नं थो."

हे फोटो कुठूनही उचललेले असतात, अशी मी तिची समजूत घातली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मांडीवरची थैली पुढे केली. तोच लाल कपडा, तीच निळी किनार. कवड्या मात्र तीनच.

"त्याच्यासाठीच शिवून राह्यली. दोन लावाच्या हायेत अजून."

तीच लिंक पुन्हा पुन्हा दाबली. बक्षिसं आली, बुटांच्या जाहिराती आल्या, ते पान काही आलं नाही. हिस्टरीतही त्याची नोंद नाही. कोणी म्हणेल, उन्हाचा भास... पण एकच भास दोघांना, तोही किनारीसकट?

प्रकाशचा अजून पत्ता नाही. त्याचं नाव कार्डावरून कमी करायचा अर्ज भरा, असं लोक सांगतात; त्याला मी हात लावलेला नाही. याडी दर बाजाराला येते, पाच कवड्यांची पुरी झालेली थैली घेऊन, आणि बाकावर बसते. याचा अर्थ काय, मला माहीत नाही. पान बंद करायला माझा हात त्या दिवशी इतका तयार नसता तर, हे मात्र मनातून जात नाही.

आता असलं पान उघडलं की मी लगेच बंद करत नाही. आधी सगळे चेहरे बघून घेतो.