पायरीवरचं कानडी

गौराक्का लग्न होऊन हुक्केरीहून कोल्हापुरात आली त्याला जन्म उलटला, पण रागावली की ती अजून कानडीतच रागावते. भाकऱ्या आणि शेंगांची चटणी विकून तिनं संसार ओढला, नवऱ्यामागं लेक उजवली. या सगळ्यात पोटातलं बोलायला आपल्या भाषेचं माणूस तेवढं तिला मिळालं नाही. मग समोरच्या रेवण्णांच्या घरात गोकाकची सून आली, दानेश्वरी. रेवण्णांचं घरही मूळचं तिकडचंच, पण त्यांच्या आजीबरोबर घरातलं कानडी संपलं होतं. नवरा पुण्याला नोकरीला, सासू वारलेली, सासरे दिवसभर लक्ष्मीपुरीतल्या भुसार दुकानात. पोरगी दुपारी गौराक्काच्या पायरीवर येऊन बसायची. उखळात चटणी कुटली जायची आणि कानडीला नुसता ऊत यायचा. त्या घटकेसाठी गौराक्का दिवस ढकलायची.

मग गल्ली स्मार्ट झाली. म्हणजे गटार होतं तसंच राहिलं, पण तालमीच्या पोरांनी वर्गणी काढून गौराक्काच्या भिंतीलगतच्या खांबावर कॅमेरा बसवला आणि तो घरोघरच्या मोबाईलवर दिसायची सोय करून दिली. चोर सापडायचा तेव्हा सापडेल, पण बाप्यामाणसं दुकानात बसून आपल्याच घरची दारं बघायला लागली. रेवण्णाही बघायचे. एका संध्याकाळी त्यांनी सुनेला सहज विचारलं, "आज लई येळ बसल्यालीस व्हय गौराक्काकडं?"

माणूस वाईट नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून पोरगी आलीच नाही.

गौराक्काला अन्न गोड लागेना. रोज भाकऱ्या आटोपल्या की ती पायरीवर उभी राहून त्या खांबाला कानडीत यथेच्छ शिव्या घालायची. मोबाईलात बघणाऱ्या कुणीच ब्र काढला नाही, तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. याला डोळा आहे, कान नाही. आणि डोळासुद्धा पायरीपर्यंतच, उंबऱ्याच्या आतलं त्याला दिसत नाही. मग काय, उखळ घेऊन ती दाराच्या आत बसली आणि तिथूनच ठणठणीत हाक मारली. समोर दानेश्वरी आपल्या दारात भांडी घासायला बसली. मध्ये गल्ली, आणि या टोकाचं त्या टोकाला आरडून आरडून बोलणं.

रेवण्णांना मोबाईलात दिसलं ते निराळंच. सून एकटीच बोलतेय, एकटीच हसतेय. कानात काहीतरी घालून कुणाशी तरी बोलते, या विचारानं त्यांचं पित्त खवळलं. भर दुपारी दुकानाचं शटर ओढून ते गल्लीत येऊन थडकले.

"कुणासंगं बोलाल्तीस?"

दानेश्वरी दचकून उठली. हात राखेनं भरलेले, कान मोकळे.

"माझ्यासंगं!" गौराक्का दारातून गरजली. "का, तुझ्या मोबाईलाला इचारून बोलायचं व्हय, रेवण्णा?"

रेवण्णा ओशाळले. म्हणाले, "गौराक्का, घरात ही कधी हसल्याली म्या बघितली न्हाय. पयल्यांदा मोबाईलात बघितली. आन् मनात भलतंच आलं की."

गौराक्काचा राग तिथंच निम्मा झाला. "मग हितं बसून बघ की. मोबाईल कशाला पायजे? दाने, तूबी ये गं."

रेवण्णा पायरीवर टेकले. दानेश्वरी आली, पण सासऱ्यापुढं बसणार कशी? भिंतीला लागून उभी राहिली. गौराक्कानं कानडीत काहीतरी विचारलं, तर तिनं नुसती मान हलवली. पुन्हा विचारलं, ती नुसतं 'हूं' म्हणाली. मघाचं हसणं कुठल्या कुठं पळालं होतं. रेवण्णा थोडा वेळ तिच्याकडं, मग आपल्या पायांकडं बघत बसले. आपण इथं आहोत तोवर ते हसणं काही परत येत नाही, हे त्यांना कळलं असावं. चेहरा पार उतरला बिचाऱ्याचा. गौराक्काला त्यांची फार दया आली.

ते उठले. खिशातून मोबाईल काढून सुनेपुढं धरला.

"मला त्यातलं काय कळत न्हाय. ते कॅमेऱ्याचं तूच काढून टाक."

दानेश्वरीनं हात पुसले, ते काढून टाकलं आणि मोबाईल परत दिला. रेवण्णा दुकानाच्या वाटेला लागले. इकडं ती पायरीवर बसली, गौराक्काच्या कानाशी काहीतरी पुटपुटली आणि दोघी खदखदून हसल्या. गल्लीच्या कोपऱ्यावर रेवण्णांचा पाय थबकला. आता वळून बघणार, असं गौराक्काला वाटलं. पण ते तसेच, मान न वळवता, पुढं गेले.