आजाराचा रकाना

बैठक ओझरला घ्यायची, तीही संकष्टीच्या दिवशी, ही अक्कल माझीच. जुन्नर-आंबेगावातल्या सरकारी दवाखान्यांतून निवृत्त झालेले आम्ही लोक एरवी एका जागी सापडायचो नाही. पण संकष्टीला निम्मेअधिक दर्शनाला येतातच. मग फॉर्म भरायला म्हाताऱ्यांना वेगळी खेप कशाला, असं मी म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

फॉर्म होता आमच्या विम्याचा. निवृत्तांसाठी सरकारी योजना होती. कार्ड दाखवलं की मंचरच्या नाहीतर नारायणगावच्या ठरलेल्या दवाखान्यात उपचार व्हायचे. आता त्या खर्चाला कात्री लावायची होती. वरून पत्र आलं, की ज्या भागातल्या सभासदांना गरज दिसणार नाही, तिथले दवाखाने यादीतून काढले जातील. सगळी मदार 'सध्याचे आजार' या एका रकान्यावर होती. माझं अक्षर बरं, म्हणून लिहायला मीच बसले.

देवळाबाहेरच्या मांडवात टेबल टाकलं. रांग लागली. कपाळाला गंध, हातात प्रसादाची पुडी. मी विचारायचे, "आजार काय?" उत्तर एकच, "विघ्नहराच्या कृपेनं बरं हाय." देवाच्या दारात, उपासाच्या दिवशी, चारचौघांसमोर कोण दुखणं सांगतं? आपल्याकडे 'कसं काय' विचारलं की 'बरं आहे' म्हणायचं, मग प्राण कंठाशी आले तरी. हे मला ठाऊक नव्हतं? मी नर्स. उभा जन्म आयाबायांवर 'दुखणं अंगावर काढू नका' म्हणून ओरडण्यात घालवलेला. तरी त्या दिवशी निमूट 'नाही, नाही' लिहीत गेले. चंद्रोदयाआधी घरी पोचून मोदकांचं बघायचं होतं. खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या फॉर्मवरही मी 'नाही'च लिहिलं, आणि पर्समध्ये शुगरच्या गोळ्या होत्या.

मग तळेघरचे शिपाईभाऊ पुढे आले. निम्मी नोकरी मी त्यांच्याबरोबर केली. लसीचा डबा खांद्यावर घेऊन ते पुढे, मागे मी, अशा आम्ही भाताच्या बांधांवरून वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. पोरं रडायला लागली की ते बेधडक सांगायचे, "सुई दुखत न्हाई रं." मी डोळे वटारायचे, कारण खोटं सांगितलं की पोर पुढच्या वेळी आम्हाला बघूनच धूम ठोकतं. ते नुसते हसायचे.

त्याच महिन्यात मी तळेघरला त्यांच्या घरी जाऊन आले होते. मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले, तेव्हा चढावर दोनदा थांबले आणि छातीवर हात ठेवला. "जरा दम लागतोय, बाई. कुनाला बोलू नका." मंचरला जाऊन दाखवा, असं मी म्हटलं. तेवढ्यात गाडी आली आणि विषय तिथंच राहिला.

"भाऊ, आजार?" मी ओझरला विचारलं. त्यांच्या मागेच रांगेत त्यांचे व्याही उभे होते. भाऊंनी एकदा मागे पाहिलं आणि म्हणाले, "झ्याक हाय. लिवा, काय बी न्हाई." मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. मला सगळं माहीत होतं. व्याह्यांसमोर त्यांचा मान राहावा म्हणून मी 'नाही' लिहिलं, आणि वर मलाच वाटलं, किती समजूतदार बाई आहे मी!

कागद गेले. काही महिन्यांनी उत्तर आलं, की आपल्या भागातील सभासदांची प्रकृती समाधानकारक आढळली आहे. मंचर आणि नारायणगावचे दवाखाने यादीतून गेले. कार्ड आता फक्त पुण्यात चालणार होतं. आम्ही तावातावाने विम्याच्या कचेरीत भांडायला गेलो, तर तिथल्या साहेबांनी आमचेच फॉर्म पुढे ठेवले. वरपासून खालपर्यंत माझं अक्षर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पावसाळा सरता सरता भाऊ गेले. तेरावं झाल्यावर मी तळेघरला गेले. वहिनींनी सगळं सांगितलं. सकाळी छातीत कळ आली, शेजाऱ्याची जीप काढली, निघाले.

"मंचर आलं तवा म्या म्हनलं, हितंच उतरू," वहिनी म्हणाल्या. "तर म्हनले, हितं आपलं कार्ड चालत न्हाई. आन मला आता बरं वाटतंय, चला पुढं."

खेडच्या पुढे गाड्यांच्या गर्दीत जीप अडकली, आणि तिथंच सगळं संपलं. मंचरचा तो दवाखाना रस्त्याला लागूनच आहे. जीप त्याच्या फाटकासमोरून गेली असणार. त्या रस्त्याने जाताना मी अजून दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसते.

वहिनींना ओझरचं काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"त्यांचा सोभावच तसा व्हता. तुमी तरी काय करनार, बाई?"

"करण्यासारखं होतं, वहिनी," मी म्हणाले.

त्यानंतर आम्ही पुष्कळ खेटे घातले, आणि अखेर माहिती नव्याने पाठवायची परवानगी मिळाली. दवाखाने परत मिळतील की नाही, कोण जाणे. या वेळी बैठक नाही, टेबल नाही. एकेकाच्या घरी जाऊन मी फॉर्म भरते. पहिलं घर भाऊंचंच धरलं, कारण नवऱ्यामागे विमा बायकोला लागू राहतो.

"वहिनी, तुम्हाला काय त्रास?"

"मला काय धाड भरलीया? बरं हाय."

उचललेलं पेन मी खाली ठेवलं. "पाय दाखवा."

त्यांनी लुगड्याचा काठ पावलांवर ओढून घेतला. "आसू द्या. काय बघायचं त्यात?"

मी जागची हलले नाही. शेवटी त्यांनी पाय पुढे केले. घोट्याशी मी अंगठा दाबला. खड्डा पडला, आणि तो भरून यायला बराच वेळ लागला.

"कधीपासून?"

"ते व्हते तवापासनं. त्यांच्या जिवाला घोर नको, म्हनून बोलले न्हाई."

मी रकाना भरला. दोन्ही पायांना सूज, चालताना दम, तपासणी तातडीने हवी. लिहायला एक मिनिटही लागलं नाही. ओझरलाही तेवढंच लागलं असतं.