स्कॉटलंडचा आठवडा आणि आईचं तिकीट

माझी मुलगी तिसरीत होती त्या वर्षी तिची वर्गशिक्षिका स्कॉटलंडची होती. जानेवारीत तिनं एक आख्खा आठवडा वर्गाला आपल्या देशात नेऊन बसवलं. बाहेर सिंगापूरचं ऊन अंग भाजून काढत होतं आणि आमची पोरगी घरी येऊन सांगायची, आज 'ड्रीख' शिकलो. ड्रीख म्हणजे ओला, गार, मरगळलेला दिवस. असला दिवस तिनं जन्मात पाहिला नव्हता, पण शेवटचा ख घशातून असा काढायची की ऐकणाऱ्याला पाणी द्यावंसं वाटावं. 'वी' म्हणजे छोटं, 'बेर्न' म्हणजे लेकरू. ही स्कॉट्स भाषा, इंग्रजीच्या नात्यातली पण इंग्रजी नव्हे, असं बाईंनी सांगितलं होतं.

मला हे सगळं जरा थेरच वाटलं. इथे मुलं मराठी विसरत चालली आहेत आणि ही नवीन काय भानगड! मी तेव्हा दर रविवारी एका कॉन्डोच्या, म्हणजे इथल्या सोसायटीच्या, हॉलमध्ये मुलांना मराठी शिकवायचो. आठवडाभर जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात नोकरी आणि रविवारी 'न' आणि 'ण'. माझ्याइतका कडक मास्तर आमच्या पासिर रिस भागात दुसरा नसेल. मी मूळचा अमरावतीकडचा आहे हे त्या वर्गातल्या पुणेकर आईबापांना ठाऊक नव्हतं, आणि मीही सांगायला गेलो नव्हतो. कॉलेजला पुण्यात आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात होस्टेलवर माझ्या 'मले-तुले'ची इतकी टिंगल झाली की सहा महिन्यांत मी वऱ्हाडी अंगावरून साफ धुऊन काढली होती.

त्याच सुमारास आई अमरावतीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. नातीची आणि तिची गट्टी पहिल्याच दिवशी जमली. दोघी खाली बागेत बसायच्या, मांजरांशी बोलायच्या, आणि पोरगी हां हां म्हणता आजीसारखी बोलायला लागली. इंग्रजीत उत्तरं देणारी मुलगी मराठीत बोलते म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. पण एका रविवारी, भर वर्गात, मी फळ्यावरचा प्रश्न विचारला आणि ती ठणठणीत आवाजात म्हणाली, "मले नाई येत, बाबा!" सगळे पालक हसले. कौतुकानंच हसले. माझे मात्र कान तापले.

घरी आल्यावर मी आईला म्हणालो, "तिच्यासमोर जरा नीट बोलत जा ना. तिचं मराठी बिघडतंय."

आई "बरं" म्हणाली. एवढंच. त्या दिवसापासून ती नातीशी रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलायला लागली, "तुला दूध हवे आहे का?" आणि मग तेही कमी कमी होत गेलं. पोरगी बागेत चल म्हणायची, आई गुडघ्यांचं कारण सांगायची. दोन आठवड्यांनी म्हणाली, इथे करमत नाही, लवकरचं तिकीट बघ. मी बघितलं. शनिवारचं मिळालं. बायकोनं मला विचारलं, "तू काही बोललास का त्यांना?" मी चक्क नाही म्हणालो.

स्कॉटलंडचा आठवडा नेमका त्या शनिवारच्या आधी आला. शुक्रवारी पालकांसमोर नाच होता आणि मुलांनी चौकड्यांचे घागरे, म्हणजे त्यांचे ते किल्ट, घालून यायचं होतं. आईनं माझी जुनी चौकड्यांची लुंगी फाडली आणि हातानं किल्ट शिवायला घेतला. निऱ्या कशा घालायच्या हे काही तिला स्कॉटलंडनं शिकवायला नको होतं. दोन दिवस ती मान खाली घालून शिवत होती आणि नात शेजारी बसून टाके मोजत होती. दोघींत शब्द नाही.

बाईंनी आणखी एक काम दिलं होतं. घरातल्या मोठ्या माणसांचे पाच शब्द आणायचे आणि त्यांच्यापैकी कुणी तरी शुक्रवारी येऊन ते बोलून दाखवायचे. मी हौसेनं यादी करून दिली: क्षितिज, वात्सल्य, प्राजक्त, अरुणोदय, कृतज्ञता. बुधवारी संध्याकाळी यादी परत आली.

"टीचर म्हणाली, कॅनॉट लाह," मुलगी म्हणाली, म्हणजे सिंगापुरी इंग्रजीत चालणार नाही. "हे बुक वर्ड्स आहेत. किचनमध्ये कोण बोलतं, ते पाहिजे." मग आजीकडे वळून म्हणाली, "आजी, तू सांग ना. तुझे शब्द."

"माझे नकोत, बाळा," आई म्हणाली. "माझे चुकतात."

मुलगी विचारात पडली. बाईंनी वर्गाला सांगितलं होतं की त्यांचे वडील लहानपणी शाळेत स्कॉट्स बोलले की त्यांच्या हातावर पट्टा बसायचा, म्हणून घरीसुद्धा ते बोलेनासे झाले. पोरीनं दोन्ही गोष्टी जोडल्या.

"तुला कोणी मारलं, आजी?"

"छे गं. मला कोण मारणार?" आई हसून म्हणाली आणि माझ्याकडे न बघता पोळी वाढायला उठली. मी पान समोर ठेवून बसलो होतो. ती मला पाठीशी घालत होती, माझ्याच पोरीपासून. मला स्वतःची शिसारी आली.

"मी सांगितलं तिला बोलू नको म्हणून," मी म्हणालो. "मारलं नाही. पण मीच."

मुलीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. "बट व्हाय, बाबा?"

शुक्रवारी मी रजा टाकली आणि आईला शाळेत घेऊन गेलो. एसी असूनही पोरं घामाघूम होऊन गोल गोल नाचली. आमची पोरगी लुंगीच्या किल्टमध्ये ऐटीत मिरवत होती. मग आजी-आजोबा एकेक करून पुढे आले. आईची पाळी आली तेव्हा मला वाटलं, ती उठणारच नाही. पण नात हात धरून ओढायला लागली, तेव्हा उठली. तिनं आधी हळू आवाजात 'उलसक' सांगितलं, म्हणजे थोडंसं. मग 'झड', म्हणजे दिवसचे दिवस लागून राहिलेला पाऊस. बाई टाळी वाजवून ओरडल्या, "ड्रीख!" आणि सगळा वर्ग घसा खरवडत ओरडला. त्यानंतर आई थांबेना. पाचाचे पंधरा शब्द झाले.

परतीच्या बसमध्ये नात तिच्या मांडीवर डोकं टेकून झोपली. बस गच्च भरली होती. मी दांडा धरून समोर उभा होतो.

"मले वाटलं का तुले माही लाज वाटते," आई म्हणाली. तिनं आवाज खाली आणला नव्हता.

"वाटत होती," मी म्हणालो.

"माईत हाये मले." तिनं नातीच्या केसांवरून हात फिरवला. "आता बी वाटते?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"तोंडानं सांग."

मी इकडेतिकडे पाहिलं. मागच्याच सीटवर माझ्या रविवारच्या वर्गातल्या एका मुलाची आई बसली होती, आणि तिनं कानातला हेडफोन काढून हातात धरला होता.

"नाई वाटत, माय," मी म्हणालो. वीस वर्षांत ही बोली तोंडात आली नव्हती. "माहं चुकलं. तू नोको जाऊ."

आईनं एकदा माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"मंग ते उद्याचं तिकीट वापस कर," ती म्हणाली, आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली.