सणाला उपाशी कसे ठेवायचे

पोलादपूरच्या वर, घाट सुरू व्हायच्या आधी जी वाडी लागते, तिथे चांगूला आजही 'उंदीरवाला' म्हणतात. म्हणतात चिडवायला, पण त्याला राग येत नाही. अठ्ठावीस वर्षं त्याने मुंबईच्या एका मेंदूच्या प्रयोगशाळेत पांढरे उंदीर सांभाळले. पिंजरे धुतले, वजनं केली, आणि ज्याच्या डोक्यावर तारा बसवायच्या त्याला आधी हातात घेऊन शांत केलं. मोठमोठ्या डॉक्टरांना चावणारा उंदीर चांगूच्या तळहातावर डोळे मिटायचा. असा माणूस उभ्या तालुक्यात दुसरा दाखवा!

लेक वैशाली कॉम्प्युटर शिकली, महाडला राहते, आणि योग असा की त्याच प्रयोगशाळेचं काम घरी बसून करते. उंदीर बोळाबोळांतून दाण्याची वाट शोधत धावायचे, तेव्हाच्या त्यांच्या मेंदूच्या जुन्या नोंदी ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे ठेवलेल्या. त्या सगळ्या एकाच साच्यात बसवायच्या, म्हणजे जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला उघडता येतील. साचा मात्र सासूसारखा खाष्ट. उंदराचं वजन किती, शेवटचं कधी खाल्लं, मेंदूची नोंद घेणाऱ्या यंत्रावर कोण होतं, सगळं त्याला हवं.

एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन वाडीवर आली.

"बाबा, तीन दिवसांचं काय जुळत नाय," ती म्हणाली. "बाकी रोज नोंदीत उंदीर धावतायत, आन या तीन दिवशी नुसते बसून दिसतायत. सरांचा शेरा हाय, 'निशाने यंत्र नीट लावलं नाही.' तोच घालून टाकते." आणि तिने तारखा वाचल्या. "दोन हजार चार, एकोणीस सप्टेंबर. पाच साली आठ सप्टेंबर. सहा साली अठ्ठावीस ऑगस्ट."

सुपारी कातरता कातरता चांगूचा हात थांबला. ही तीन सालं तो कशी विसरेल? गणपतीला घरी न जाणं म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसालाच कळतं. पण उंदरांना सुट्टी नसते, आणि त्या तीन वर्षी पाळी त्याच्यावर आली. इथे ही वैशाली, तेव्हा एवढीशी, एसटीच्या थांब्यावर वाट बघून बघून रडली होती.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी शेताच्या बांधावर उंदराला घास ठेवतात. तिकडे बांध कुठला? मग त्याने पिंजऱ्यांतच घास ठेवला. दाण्यासाठी धावावेत म्हणून रात्रभर उपाशी ठेवलेले उंदीर ते! देवाचं वाहन, आणि सणाला उपाशी? त्याच्या जिवाला ते पटेना. आणि भरल्या पोटी कोण कशाला धावतो?

निशा मॅडम तेव्हा शिकत होत्या. यंत्र उघडून उघडून थकल्या, सरांची बोलणी खाल्ली, शेवटी ते काम सोडून गेल्या. एकदा जिन्यात रडत बसल्या होत्या, तर चांगूनेच चहा नेऊन दिला होता. "यंत्रं रुसतात कधी कधी, मॅडम," अशी समजूतही घातली होती. हे आपल्या घासामुळे झालंय, हे बिचाऱ्याला तेव्हा ठाऊकच नव्हतं. आज कळलं आणि त्याला मान वर करवेना.

"वैशाली, तो शेरा नको घालू गो," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

"बाबा, हे लिवलं तर तुमचं नाव लागंल. आख्ख्या जगाला दिसंल."

"लागू दे. त्या पोरीचं इतकी वर्सं लागलंय, ते?"

वैशालीने प्रयोगशाळेला कळवलं. चौथ्या दिवशी निशा मॅडमचा फोन आला.

"चांगूकाका, इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्या हातालाच गुण नाही."

"चुकलं, मॅडम. गणपतीचा सन होता."

पलीकडून प्रश्न आला, "काय वाढलं होतंत?"

"गूळखोबरं घातलेला भात."

"खाल्ला सगळ्यांनी?"

"एक शीत नाय ठेवलं."

त्या हसल्या की रडल्या, ते चांगूला कळलं नाही. "मग तसंच लिहा," त्या म्हणाल्या.

वैशालीने तसंच लिहिलं. शेवटचं खाणं: सकाळी सहा, भात, गूळ, खोबरं. वाढणारा: चांगू. यंत्रावर: निशा. यंत्र चांगलं होतं.